पाठ कोण बघणार?

बदनापूर, जि. जालना

चि. माऊस,


"आत्या, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघायचं काम आहे. पुण्यातली कंपनी घेतेय. बाबा नको म्हणतात. तू काय म्हणतेस?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी म्हणाले, लिहून कळवते. ते हे पत्र. पाकिटात बंद न करता उघडंच लिहिते आहे. जीएनएम, एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करणाऱ्या पोरी आता आपल्या तालुक्यातल्या लहान गावांतूनही निघतात आणि त्यांच्या घरीही हाच प्रश्न उभा राहणार आहे. त्यांनी वाचलं तर बरंच.

दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, म्हणणं मला कळतं. कापसाच्या वाईट वर्षांतही त्यानं तुझी फी थकू दिली नाही, ती तू मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात उभी राहशील म्हणून. 'लोकाच्या घरात जाऊन हगणं-मुतणं काढायला नर्सिंग शिकवलं का,' असं तो मला म्हणाला. त्याला उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही. त्याच्याच घरातली मधली खोली पुरेशी आहे.

आजी पडली तेव्हा तुझी परीक्षा होती, म्हणून तुला बरंच काही सांगितलं नव्हतं. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणलं. बरोबर फाइल, गोळ्यांची पिशवी आणि 'रोज थोडं थोडं चालवा' एवढं सांगणं. चालवायचं कसं, हे घरात कुणालाच येत नव्हतं. ऐंशीच्या पुढच्या बाईला बाजेवरून उठवताना धरायचं कुठे, आधी कुठला पाय खाली सोडायचा, उभी राहिली आणि चक्कर आली तर काय करायचं, अर्ध्या रात्री लघवीला कसं न्यायचं? तुझ्या आईनं हे सगळं स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं. जुनं लुगडं चौपदरी करून आजीच्या कमरेखाली घालायचं आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून तिला वर सरकवायचं, ही युक्ती तिचीच. तुमच्या वॉर्डात ड्रॉ-शीट वापरतात ती हीच. वाकून वाकून स्वतःची कंबर धरली तेव्हा तिनं बाजेच्या पायांखाली विटा घातल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून मोबाइलला गजर लावला आणि रात्रीचाही पाळला.

तरी माकडहाडाशी लाल चट्टा आलाच. बोटानं दाबला तरी तो पांढरा पडत नव्हता आणि ही जखमेची सुरुवात आहे हे ओळखणारं घरात कुणी नव्हतं. तू सुटीत आलीस, आल्या आल्या आजीला कुशीवर वळवून पाठ उघडी केलीस, तेव्हा कळलं. तुझा काका पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करायचा. आई बरी दिसतेय, म्हणायचा. त्याची माया खरी आहे, पण त्या पडद्यावर चेहरा दिसतो, पाठ दिसत नाही.

म्हणून दादाला मी सांगणार आहे की वॉर्डातल्यापेक्षा घरातलं काम वरचढ आहे. वॉर्डात हाक मारली की सिस्टर येतात, डॉक्टर येतात. घरात तू एकटी. पेशंट गुंगीत आहे तो झोप न झाल्यामुळे, की साखर उतरल्यामुळे, हे तुलाच ठरवायचं. खोकला साधा आहे, की घास चुकून श्वासनलिकेत गेलाय, हेही तुलाच. शिवाय घरातल्या माणसांना न दुखावता त्यांच्या सवयी बदलायच्या. आडवं झोपवून पाणी पाजू नका, हे सासूला सुनेदेखत आणि सुनेला सासूदेखत सांगता येणं ही मोठी विद्या आहे.

आणि या कामाची गरज वाढतच जाणार आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरच्या पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर माणसांची पाहणी केली. त्यात साठीवरच्या साधारण चौघांतल्या एकाला अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, खोलीत चालणं, अंथरुणातून उठणं, शौचाला जाणं यांतलं निदान एक काम अवघड जात होतं. बाजारहाट, पैशाचा हिशेब, औषधं वेळेवर घेणं अशी कामं धरली तर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जातं. पुढे याच संस्थेनं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर २०२३ मध्ये काढलेल्या अहवालाप्रमाणे २०५० साली देशात साठीवरची माणसं ३४ कोटी ७० लाख असतील, म्हणजे पाचातलं एक. तेव्हा तू स्वतः पन्नाशीच्या आसपास असशील, आणि दादा-वहिनी ऐंशीच्या घरात.

आपल्या भागात हा प्रश्न आणखी वेगळा येतो. बदनापूर जालना-संभाजीनगर रस्त्यावर, रेल्वेचं स्टेशन, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेलेला. वाटा सगळ्या आहेत आणि पोरं त्याच वाटांनी गेली. शेंद्रा, वाळूज, चाकणच्या कारखान्यांत. जी गेली त्यांना मी बोल लावत नाही, त्यातली कितीतरी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. शाळेत शिकवत असताना मीच त्यांना सांगायचे की शिका आणि बाहेर पडा. जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांची कुटुंबं तर दिवाळीच्या सुमाराला निघतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. तेवढे महिने गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या हवाली केलेली लेकरं. ज्यांना कुणीतरी हाताला धरायचं, तेच नातवंडांना अंघोळ घालून शाळेत पाठवतात.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. श्रावणबाळ योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट झाला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, त्यात पासष्टीपुढच्या कमी उत्पन्नाच्या माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच तीन हजार मिळतात. त्याच वर्षी आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, पाच लाखांपर्यंतचे उपचार लागू झाले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फोनसेवा आहे. या प्रत्येक गोष्टीनं कुणाचं तरी भलं झालं आहे. पण आजीच्या बाजेशेजारी बसून मी हे एकेक तपासलं. एसटी फुकट आहे, तिला स्टँडपर्यंत जाता येत नाही. पाच लाख आहेत, ते दवाखान्यात भरती झाल्यावर. भरतीनंतरचे घरातले महिने त्यात धरलेले नाहीत. तीन हजारांत खुर्ची येईल, पण त्या खुर्चीवर तिला उचलून बसवणारं माणूस येत नाही. आणि श्रावणबाळचे दीड हजार शहरातल्या नर्सिंग ब्युरोची बाई ठेवली तर दोन-तीन दिवसांत संपतात. सगळी मदत एक तर पैशाची-वस्तूची, नाहीतर बाहेर पडू शकणाऱ्याची. उंबऱ्याच्या आत येणारं माणूस तेवढं कुठल्या योजनेत नाही.

कागदावर मात्र ते आहे, आणि हे मला तुझ्याकडूनच कळलं. आरोग्य उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं तेव्हा तिथे ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या, त्यांत म्हाताऱ्यांची आणि दुखणं न हटणाऱ्या रुग्णांची काळजी हा एक प्रकार आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, त्यातही अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यानं जायचं असं आहे. पण एका उपकेंद्रातली ताई लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, साथी आणि ऑनलाइन नोंदी यांतून उठून बाजेवरच्या आजीपर्यंत कधी पोचणार? तिचा दोष नाही. काम सोपवलं गेलं, माणूस दिला नाही.

कायद्याचंही थोडं तसंच झालं. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा तुला माहीत आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. त्यात पहिल्यांदाच घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्या कामाचे किमान नियम यांचा विचार होता. ते विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, पण मंजुरी झाली नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही संपलं. त्याच विधेयकात 'मुलं' या शब्दाच्या अर्थात सून आणि जावई आणले होते. मला ते वाचताना वाईट वाटलं. सुनेचं नाव शेवटी आलं ते जबाबदारीच्या रकान्यात. तुझ्या आईची रात्र अर्ध्यात मोडते, तिचे गुडघे गेलेत, लग्नाला-मरणाला तिला गावाबाहेर जाता येत नाही, याची भरपाई किंवा निदान महिन्यातून चार दिवसांची सुटी, याला अजून कुठेही रकाना नाही. केंद्राच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली आणि पुरुषाची ९७. माणसांची काळजी घेण्यात बाईची १३४, पुरुषाची ७६. तुझ्या आईचा दिवस या आकड्यांत कुठेतरी आहे आणि त्याचे पैसे कुणी मोजत नाही.

मी तिची नणंद आहे. आजी माझी आई आहे, तिची सासू. तरी आईची पाठ पुसते ती तीच. हे मी या पत्रात लिहून ठेवते, म्हणजे ते कुणीतरी वाचेल.

आता मला जे सांगायचं आहे ते. म्हाताऱ्यांची घरातली सेवा म्हटली की लोकांना दोनच चित्रं दिसतात, गुणी सून नाहीतर पुण्या-मुंबईची महाग कंपनी. मला तिसरं हवं आहे. गावातलीच बाई किंवा पोरगा, नीट शिकवलेला, महिन्याला पगार असलेला, आणि पाठीशी तुझ्यासारखी नर्स व प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर असलेला. हे बोलायला मला धीर येतो तो महाराष्ट्रानंच हे आधी करून दाखवलं म्हणून.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, त्यांना शिकवलं आणि गावाच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. डॉक्टरांनीही तेव्हा शंका घेतल्या होत्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळ घरीच तपासायला शिकवलं: श्वास मोजायचे, वजन घ्यायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, बाळ उबेत ठेवायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. त्या कामाचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. जन्मल्यावर पहिल्या दीड महिन्यात सहा वेळा सरकारचं माणूस घरी येतं. आयुष्याच्या शेवटच्या पाच-सात वर्षांत एकदाही नाही. बाळाचा श्वास मोजायला जी शिकली, तिला आजीच्या पाठीवरचा चट्टा ओळखायला शिकवता येईल, यात मला तिळमात्र शंका नाही.

केरळनं हे म्हाताऱ्या आणि असाध्य आजारी माणसांसाठी केलं. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी कॅन्सरच्या वेदनांवर उपचार करणारी संस्था काढली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारचे लोकच थोडं शिक्षण घेऊन घरोघर जाऊ लागले, आणि २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरण केलं. आज तिथे पंचायतीच्या पैशातून नर्स अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते. अलीकडे 'कुटुंबश्री'च्या बचत गटांतल्या बायकांनाही घरच्या सेवेचं शिक्षण देऊन कामाला लावलंय. आपल्याकडे सरकारच्या 'उमेद' अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. पापड-लोणच्यांचे आणि शेळ्यांचे धडे झाले, आता हाही धडा घेता येईल.

जपानची गोष्ट मुद्दाम सांगते. तिथेही म्हाताऱ्यांचं सगळं सुनेवर असायचं. २००० साली त्यांनी दीर्घकाळच्या सेवेचा विमा आणला, चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात, आणि गरज तपासून घरी माणूस पाठवलं जातं. तो कायदा ठरत असताना घरच्यांना रोख पैसे द्यावेत असाही विचार होता. हिगुची केइको आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी त्याला विरोध केला. पैसे दिले तर सून घरातच अडकेल, आम्हाला पैसे नकोत, माणसं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं. त्याआधी १९९५ मध्ये जर्मनीनं उलट केलं, घरच्यांना रोख भत्ता घ्यायची सोय ठेवली आणि सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचे हप्तेही भरले. दोन्हींत तथ्य आहे. पण आपल्याकडे पैसे खात्यात आले तर ते खताच्या दुकानात किंवा पोराच्या मोबाइलवर जातील, आणि बाजेशेजारी तीच बाई बसलेली असेल, असं मला तरी वाटतं. मी जपानच्या बायकांच्या बाजूची आहे.

बदनापुरात हे कसं बसेल, याचा मी वहीत हिशेब मांडला. एका उपकेंद्राखाली साधारण पाच हजार वस्ती. देशातलं प्रमाण धरलं तर त्यात साठीवरचे पाचशेच्या आसपास आणि ज्यांना रोजच्या एखाद्या कामात अडचण आहे असे सव्वाशे. सव्वाशे जणांना दिवसभराचं माणूस लागत नाही. कुणाला आठवड्यातून दोनदा अंघोळ आणि नखं, कुणाला रोजच्या गोळ्यांच्या पुड्या लावून देणं, कुणाला रक्तदाब-साखर बघणं. कुणाला हयातीचा दाखला आणि बँकेचं काम करून देणारं माणूस हवं. पूर्ण अंथरुणाला खिळलेले थोडे, पण त्यांच्याकडे दिवसातून दोनदा जावंच लागतं. अशा उपकेंद्राला चार-पाच शिकलेली माणसं आणि तीन-चार उपकेंद्रांत मिळून एक नर्स, जी जखमा, कॅथेटर, नाकातली नळी हे बघेल, एवढ्यात पुष्कळ भागेल. शिक्षणाची सोयही अगदी नाही असं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्ण सहायकाचा अभ्यासक्रम आहे. वरुडीला तर आपल्याच तालुक्यात मेडिकल कॉलेज आणि दवाखाना आहे. तिथल्या शिक्षकांनी महिन्यातून एक दिवस गावात येऊन या बायकांना शिकवायला काय हरकत आहे?

आपल्या कृषी संशोधन केंद्राची तूर सगळा महाराष्ट्र पेरतो. बीडीएन-७११ या वाणातलं बीडीएन म्हणजे बदनापूर. ती चालली, कारण ती आपल्या कोरडवाहू रानात, आपल्या पावसात तपासून काढली. सेवेची पद्धतही इथेच, दाभाडी-सोमठाण्याच्या घरांत तपासून काढावी लागेल. पुण्याच्या फ्लॅटमधली पद्धत, जिथे लिफ्ट आहे, आत संडास आहे, एसी आहे, ती जशीच्या तशी इथे चालणार नाही. इथे संडास अंगणापलीकडे आहे, उन्हाळ्यात पाणी टँकरचं आहे आणि रात्री वीज जाते. पाठीला जखम होऊ नये म्हणून घालायची एअर मॅट्रेस विजेवर फुगते, हे कंपनीच्या माहितीपत्रकात कुणी सांगत नाही. आमच्या घरी वीज गेली की गादी बसायची आणि आजी उघड्या बाजेवर यायची.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. हे काम आशाताईच्या डोक्यावर आणखी एक मानधन म्हणून टाकू नये. मानधनवाढीसाठी त्यांना २०२१ मध्ये संपावर जावं लागलं, २०२३ मध्ये पुन्हा. ज्यांच्या पायांवर सगळी यंत्रणा उभी आहे त्यांना सरकार अजून कर्मचारी म्हणत नाही. घरच्या सेवेचं काम त्याच वाटेनं गेलं तर चार वर्षांत बायका सोडून जातील आणि मग लोक म्हणतील, गावात कुणी मिळतच नाही. पगार हवा, सुटी हवी, पाठदुखी-कंबरदुखीचा इलाज हवा. ऐपतीच्या घरानं पैसे भरावेत, ज्याला ऐपत नाही त्याचे पंचायतीनं आणि राज्यानं भरावेत. दिव्यांगांसाठी ग्रामपंचायत स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी राखून ठेवते, तसा अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांसाठीही ठेवता येईल.

आणि दोन गोष्टी, ज्या कुठल्याच अहवालात नीट येत नाहीत. पहिली जात. बाई शिकलेली आहे का, हे विचारण्याआधी आपल्याकडे ती कुणाची हे विचारतात. माझ्यासमोर एका घरी, पडून राहिलेल्या म्हातारीला भरवायला आलेल्या बाईला 'तू बाहेरचं बघ, स्वयंपाकघरात येऊ नको' असं सांगितलं. म्हातारी उपाशी होती. हे चालू द्यायचं नाही. पंचायत पैसे देणार असेल तर अट घालावी की येणारी बाई कोण, हे विचारणाऱ्या घराला सेवा मिळणार नाही. कडक वाटेल, पण याशिवाय ते थांबत नाही.

दुसरी गोष्ट पुरुषांची. म्हाताऱ्या बाप्यांना सांभाळायला पुरुष लागतो. पोरीला एकट्या पुरुषाच्या घरात पाठवणं सुरक्षितही नाही. पण पोरं हे काम घेत नाहीत. बारावी होऊन पारावर बसतील, पण आजोबांची दाढी करणार नाहीत. दादालाही आईचा हात धरून चालवायला मी शिकवलं तेव्हा तो आधी लाजला. आता रोज संध्याकाळी तोच तिला ओट्यापर्यंत नेतो. शिकवलं की येतं. तुमच्या कॉलेजात मुलगे किती आहेत?

आता तुझ्या प्रश्नाचं. पुण्याचं काम घे. कंपनीकडे दोन-तीन वर्षं कर. करार नीट वाच: तास किती, रात्रपाळीला वेगळे पैसे आहेत का, घरात त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, महिला सुपरवायझर आहे का. पेशंटचं काम तुझं, घराची धुणीभांडी तुझी नाहीत, हे पहिल्या दिवशी स्पष्ट कर. स्मृतिभ्रंशाचे पेशंट बघायला मिळाले तर जरूर बघ. देशात अशी साठीवरची माणसं अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात आहेत असा अंदाज आहे आणि आपल्याकडे त्यांना अजूनही 'म्हातारचळ लागलाय' म्हणून खोलीत कोंडतात. तू जर्मन शिकतेस हेही मला माहीत आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात आरोग्यसेवेतली कामंही आहेत. जायचं असेल तर जा. त्यांच्या देशातल्या म्हाताऱ्यांची पाठ तू बघशील, आणि त्याचा चांगला पगार घेशील, यात कमीपणा काही नाही. गावासाठी त्याग कर असं मी तुला सांगणार नाही. त्यागावर चाललेलं काम तुझ्या आईच्या अंगावर किती पडलं ते मी बघते आहे. ज्या दिवशी बदनापुरात या कामाला पगार असेल, त्या दिवशी परत येण्याचा विचार कर. तो पगार मिळावा म्हणून भांडायचं काम आम्ही इथल्या बायका करतो. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना आणि पंचायत समितीला अर्ज लिहायला मी घेतला आहे.

तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे. दिवाळीच्या सुटीत इथे ये आणि बचत गटाच्या बायकांना करून दाखव. पुठ्ठ्याचे तक्ते आणू नकोस, त्यांना हातानं केलेलं कळतं. माणसाला बाजेवरून कसं उठवायचं, कूस कशी बदलायची, पाठीवरचा चट्टा कसा ओळखायचा, अंथरुणात अंघोळ कशी घालायची, घास कसा भरवायचा. एवढ्या गोष्टी आधी. वहिनीला मी समोर बसायला नाही, तुझ्या बाजूला उभं राहायला सांगितलं आहे. लुगड्याची युक्ती ती दाखवणार आहे आणि त्या दिवसाचे तिला पैसे मिळतील असं गटात ठरलं आहे. दोन-चार पोरांनाही मी बोलावते आहे, येतील की नाही ते बघू. शाळेची खोली सुटीत मोकळी असते, पण मुख्याध्यापकांना आधी अर्ज द्यावा लागतो. तुला कुठल्या तारखा जमतात ते या आठवड्यात कळव.

तुझी,
आत्या